शोध बाई, शोध

"लॉस्ट सॅटेलाइट रिसेप्शन."

हे वाक्य रविवारी मी किती वेळा ऐकलं असेल? गाडीतल्या जीपीएसच्या, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या यंत्राच्या, बाईचा आवाज इतका गोड की वाटावं, कांदेपोह्यांना बोलावतीय. कोल्हापूरच्या कळंब्याला पहिल्यांदा म्हणाली, मुदाळ तिट्ट्यापर्यंत म्हणतच राहिली. आणि स्क्रीनवर 'सर्चिंग फॉर सॅटेलाइट्स'. अगं शोध ना मग! एवढ्या वेळात माझी आई माळ्यावरचं पुरणयंत्र शोधून, धुऊन, पुरण वाटून परत माळ्यावर ठेवते.

बायकोच्या मावसबहिणीचा साखरपुडा. मुहूर्त साडेअकराचा. कार्यालय मुदाळ तिट्ट्याच्या पुढं कुठंतरी आत, एका फाट्यावरनं. मागच्या सीटवर मामासासरे, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. आणि मी निघताना सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलेलं, "कुणाला पत्ता विचारायचा नाही. आपल्या गाडीला जीपीएस आहे."

तिट्ट्यावर गाडी थांबली. एक रस्ता गारगोटीला, एक निपाणीला, एक राधानगरीला. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागं हॉर्नची दिवाळी. यंत्रात बघितलं तर आमचा बाण अजून कळंबा जेलपाशीच. जागचा हललेला नाही. मामा मागनं वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "जावई, तुमचं यंत्र काय तुम्हाला तुरुंगातनं सोडंना."

बायको हसली. तिचं हसणं मी विसरणार नाही.

गाडी कडेला घेतली, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. सात मिनिटं सनई ऐकली. कार्यालयात पोचायच्या आधीच सनई! मग एक मुलगा आला. "सर, क्या आपकी गाड़ी खुले आसमान के नीचे है?" अरे भावा, उसाच्या फडाशेजारी उभा आहे मी, आभाळाला काय पत्रा मारलाय काय इथं? "सर, डिवाइस ऑफ करके ऑन कीजिए।" केलं. "अब पंद्रह मिनट गाड़ी मत हिलाइए।" पंधरा मिनिटं! शालू नेसलेली बायको, घामाघूम मामा आणि उन्हात वितळणारे पेढे घेऊन मी पंधरा मिनिटं ध्यान लावून बसू?

आणि राग ह्याचा की तो मुलगा चुकीचं सांगत नव्हता. हे यंत्र कोरं सुरू झालं की सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक आभाळातनंच उतरवून घेतं, आणि ते पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. हे मला त्याच रात्री वाचून कळलं, तेव्हा आणखी चिडलो. चुकीचं सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

तसा ह्या जातीच्या डब्यांवर माझा जुना दात आहे. आधीचा डबा २०१९ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत १९९९ च्या ऑगस्टमध्ये गेला. का, तर म्हणे जीपीएसचे आठवडे १०२४ पर्यंतच मोजतात, मग परत शून्य. कॅलेंडर आहे का पत्त्याचा डाव? हा नवा घेतला, तर हा नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडच्या तोंडाशी 'गो स्ट्रेट' म्हणतो. जा की तू स्ट्रेट, हारवाल्या मावशींच्या टोपलीवरनं! राजारामपुरीत गल्ल्यांना सरळ नंबर दिलेत, पहिली, दुसरी, तिसरी, पोरगंसुद्धा चुकत नाही, तिथं ही बाई मला एकाच गल्लीला तीन फेऱ्या मारायला लावते. आणि "मोबाईल लावायचा की" म्हणणारे तर माझ्या डोक्यातच जातात. मोबाईलची रेंज त्या फाट्यावर गेली नसती कशावरनं? (गेली नव्हती. बायकोच्या मोबाईलवर कार्यालय दिसत होतं. पण ती म्हणाली, "तुम्हीच न्या की, तुमच्याकडं जीपीएस आहे ना?")

शेवटी टपरीवाल्याला विचारलं. पाण्याची टाकी, मग दूध डेअरी, मग डावीकडं मांडव. साखरपुडा होऊन पंगत बसली होती.

सोमवारी तणतणत उद्यमनगरात एका ओळखीच्या पोराकडं गेलो. आल्या आल्या सुरू झालो, कंपनी चोर, उपग्रह भिकार, ग्राहक न्यायालयात खेचतो. पोरगं काही बोललं नाही. यंत्र काचेवरनं काढलं आणि खिडकीतनं हात बाहेर काढून धरलं. मिनिटभरात नऊ उपग्रह. नऊ! जागा कळायला चार पुरतात. परत काचेमागं धरलं, बाईनं लगेच तेच रडगाणं गायलं.

"काका, फुडच्या काचेवर फिल्म कुणी मारली?"

मी मारली. म्हणजे मी मारून घेतली. गेल्या मेमध्ये, ऊन लागतंय म्हणून. धातूचा थर असलेलीच पाहिजे, तीच गार ठेवते, असं दुकानदाराला मीच ऐकवलं आणि वर दोनशे रुपये कमी करून घेतले. गल्लीत चार जणांना काच दाखवली. काचेवर फिल्म लावू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सांगितलंय, हे बायकोनं तेव्हाच सुनावलं होतं, तर मी म्हणालो, कोर्टाला कोल्हापूरचं ऊन माहीत नाही. म्हणजे २०,२०० किलोमीटरवरनं तो बिचारा सिग्नल नीट येतो, आणि शेवटच्या केसाएवढ्या थराला मी त्याच्या तोंडावर दार लावतो. ज्या गावानं टोल हाकलला, त्या गावात राहून मी स्वतःच्याच काचेवर नाका बसवला.

वर पोरानं डॅशकॅमचा, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्याचा, चार्जरही काढून हातात दिला. शंभर रुपयांचा. त्याच्या विजेच्या गोंगाटानंही सिग्नल दबतो म्हणे. तोही मीच घेतला होता. मूळ चार्जर महाग पडतो म्हणून.

फिल्म काढली का? नाही. पैसे घातलेत तिच्यात, आणि मे परत येणारच आहे. सध्या यंत्र खिडकीबाहेर धरूनच गाडी चालते. पूर्वी कौलांवर चढून अँटेना फिरवायचो तसं. "आलं का?" "मुंग्या आल्या!" "जरा डावीकडं!" "आता गेलं!" माझा पोरगा दोन दिवसांत कंटाळला, बायकोनं पहिल्याच दिवशी हात जोडले.

येत्या रविवारी मामांना जोतिबाला घेऊन जायचंय. त्यांना पुढच्या सीटवर खिडकीशी बसवणार आहे. कशासाठी, ते अजून सांगितलेलं नाही.