दादाने पाठवलेला हिमयुगाचा मेसेज

माझी भाची भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रबंधाला तिने विषय घेतलाय: शेवटच्या हिमयुगात आपला मोसमी पाऊस कसा होता. मागच्या रविवारी दादाने, म्हणजे तिच्याच बाबांनी, घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "बघ, दोन वर्षं कशात घालवतेस ते." हाच मेसेज त्याआधी दोन ग्रुपांवरून माझ्याकडे आला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकले होते. पोरीने ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. रात्री मला फोन करून विचारलं, "आत्या, विषय बदलू का?" म्हणून आता ओळीने उत्तर देते.

मेसेजचं म्हणणं असं. उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही ते कॉम्प्युटरवर २१,००० वर्षांपूर्वीचं, म्हणजे शेवटचं हिमयुग ऐन भरात असतानाचं, हवामान काढतात. तेव्हा थर्मामीटर नव्हते, त्यामुळे पडताळून पाहायची सोय नाही. मॉडेलमध्ये, म्हणजे हवामानाच्या त्या कॉम्प्युटर-गणितात, हवं ते उत्तर आधीच भरलेलं असतं. हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं आणि कार्बन डायऑक्साइड मागून, म्हणजे त्या वायूचा काही संबंध नाही. १९७० च्या दशकात हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते. आणि शेवटी, बर्फ तिकडे युरोप-अमेरिकेत होता, आपल्याला त्याचं काय.

उद्याच्या पावसाचं आधी. मराठीत आपण उद्याच्या ढगाळ हवेलाही हवामान म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच म्हणतो, आणि हा गोंधळ तिथूनच सुरू होतो. येत्या १४ जुलैला महाबळेश्वरला किती मिलिमीटर पडेल हे आज कुणी सांगू शकत नाही. पण जुलैत तिथे जानेवारीपेक्षा जास्त पडेल, हे शाळकरी पोरगंही सांगेल, कारण ते आजच्या ढगांवर नाही, सूर्य, समुद्र आणि डोंगर यांच्यावर ठरतं. हिमयुगाचं मॉडेल दुसऱ्या प्रकारचा प्रश्न सोडवतं. अमुक दिवशी काय झालं हे ते सांगत नाही आणि कुणी त्याला विचारतही नाही.

आता तो मुद्दा, ज्याने मला खरा संताप आला: "उत्तर आधीच भरलेलं असतं." लिहिणाऱ्याने मॉडेलमध्ये काय भरतात हे एकदा तरी पाहायला हवं होतं. भरतात ते असं: पृथ्वीची तेव्हाची कक्षा, हवेतला कार्बन डायऑक्साइड, दशलक्षात १९० भाग (आज ४२० च्या वर आहे), उत्तर अमेरिकेवर आणि स्कँडिनेव्हियावर बसलेल्या हिमचादरींचा आकार आणि उंची, आणि समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेल्यामुळे बदललेला किनारा. बाकी हवेच्या आणि उष्णतेच्या गणिताची समीकरणं, जी आजच्या हवेलाही तीच. कुठे किती थंडी पडली, पाऊस कुठे सरकला, हे भरत नाहीत. ते बाहेर येतं.

आणि बाहेर आलेलं नेहमी पुराव्याशी जुळतं असंही नाही. १९७० च्या दशकात क्लायमॅप नावाच्या मोठ्या प्रकल्पाने जगभरच्या समुद्रतळाचा गाळ काढला, त्यातल्या प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, कवचं मोजली आणि हिमयुगातल्या समुद्राच्या तापमानाचा नकाशा केला. त्या नकाशात उष्ण कटिबंधातला समुद्र जेमतेम गारठलेला होता, बऱ्याच ठिकाणी दोन अंशांपेक्षाही कमी. काही भाग तर आजच्यापेक्षा गरम. हा त्या काळातला सगळ्यात भक्कम पुरावा मानला जात होता. १९८५ साली डेव्हिड रिंड आणि डोरोथी पेटीट या दोघांनी हा नकाशा नासाच्या गोडार्ड संस्थेच्या मॉडेलला दिला आणि जमिनीवर काय होतं ते पाहिलं. जमीन पुरेशी थंड होईना. हवाई, न्यू गिनी, कोलंबिया आणि पूर्व आफ्रिका इथल्या डोंगरांवर हिमयुगातली हिमरेषा (जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती उंची) सुमारे १००० मीटर खाली उतरल्याच्या खुणा आहेत. दर हजार मीटरला साडेपाच-सहा अंशांचा फरक धरला, तर तिथे पाच-सहा अंशांची थंडी हवी. समुद्र एवढा उबदार ठेवून डोंगर एवढे गार होऊ शकत नाहीत, असं मॉडेलचं गणित सांगत होतं. त्यांनी समुद्र सगळीकडे आणखी दोन अंश गार करून पुन्हा चालवलं, तेव्हा मेळ जास्त बसला.

उत्तर आधी भरलेलं असतं तर मॉडेलने क्लायमॅपचा नकाशा मुकाट्याने मान्य केला असता. त्याने उलट तपासणी केली. पुढे १९९४ मध्ये बार्बाडोसच्या प्रवाळांवरून सुमारे पाच अंशांची थंडी निघाली, आणि १९९५ मध्ये ब्राझीलच्या सखल भागातल्या भूजलात विरघळलेल्या वायूंवरूनही तेवढीच. आज उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे आकडे क्लायमॅप आणि प्रवाळ या दोन टोकांच्या मध्ये आहेत, पण क्लायमॅपचा उबदार समुद्र कुणी धरून बसलेलं नाही.

थर्मामीटर नव्हता, या मुद्द्याचं उत्तरही यातच आलं. कवचं, प्रवाळ, परागकण, भूजल, हिमरेषेच्या खुणा हीच त्या काळाची नोंदवही आहे.

उलट बाजूही सांगते, म्हणजे मी मॉडेलांची वकिली करतेय असं दादाला वाटायला नको. अमेरिकेतल्या बोल्डरच्या संशोधन केंद्राचं सीईएसएम-२ हे आधुनिक मॉडेल हिमयुगावर चालवलं, तेव्हा पृथ्वी ११ अंशांपेक्षा जास्त थंड निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात हा आकडा ५ ते ७ अंश आहे. म्हणजे मॉडेल साफ चुकलं. ही चूक त्याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये स्वतः छापली आणि ढगांच्या गणितात दोष आहे हे त्यावरून शोधलं. ढगांची काही गणितं आजच्या निरीक्षणांशी जुळवून घ्यावी लागतात, मेसेजमधला खरा भाग एवढाच. पण ती जुळवलेली असतात आजच्या हवेशी. हिमयुग ही त्यांना न सांगता घेतलेली परीक्षा असते, आणि नापास झालेलं मॉडेल नापास म्हणून जाहीर होतं.

प्रदेशाच्या पातळीवर मात्र अडचण जास्त आहे, हे मला मान्य करावं लागेल. १९८५ च्या त्या मॉडेलचा एक चौकोन आठ अंश गुणिले दहा अंश होता. अख्खा महाराष्ट्र मावेल एवढा. त्यात सह्याद्री दिसणारच नाही. म्हणून पुढे मोठ्या मॉडेलच्या पोटात एका भागापुरतं बारीक मॉडेल बसवायला लागले. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशाचं उदाहरण घ्या. आज तिथे वाळवंट आणि खारट सरोवर आहे. हिमयुगात बॉनव्हिल नावाचं सुमारे ५१,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे निम्म्या विदर्भाएवढं सरोवर होतं. त्याच्या लाटांनी कोरलेल्या पायऱ्या सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या डोंगरउतारांवर आजही दिसतात. गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पाणी आलं कुठून? मोठ्या मॉडेलांनी दाखवलं की कॅनडावरच्या सुमारे तीन किलोमीटर जाडीच्या हिमचादरीने जेट प्रवाहाची, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याची, वाट बदलली आणि वादळं दक्षिणेकडे वळली. (जेट दोन फाट्यांत फुटला हे जुन्या मॉडेलांचं म्हणणं नव्या मॉडेलांत तसंच टिकलेलं नाही.) पण शेजारचं लाहोंटन सरोवर त्याच वादळांखाली असून इतकं लहान का? १९९४ मध्ये बारीक मॉडेल चालवल्यावर दिसलं की दोन्हींचं मुख्य पाणी वादळांचंच होतं, पण बॉनव्हिलवरून उठलेली वाफ पुन्हा त्याच्याच खोऱ्यात बऱ्यापैकी पडत होती. असा प्रश्न नुसत्या खडकावरच्या खुणेने सुटत नाही.

कार्बन डायऑक्साइड मागून आला, हा अर्धा खरा मुद्दा आहे आणि म्हणूनच जास्त घातक. अंटार्क्टिकाच्या बर्फात तापमान आधी वाढू लागल्याचं आणि वायू मागून वाढल्याचं दिसतं, हे खरं. हिमयुग संपायला सुरुवात कक्षेतल्या बदलाने झाली. पण अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वी नव्हे. २०१२ मध्ये जगभरच्या ८० नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की पृथ्वीचं सरासरी तापमान वायूच्या मागून चाललं होतं. आणि मॉडेलचा खरा उपयोग इथे होतो, कारण त्यात एकेक कारण वेगळं करता येतं. स्युकुरो मानाबे, ज्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि त्यांचे सहकारी ब्रॉकोली यांनी १९८० च्या दशकात नुसत्या हिमचादरी ठेवून पाहिलं. उत्तर गोलार्ध गारठला, दक्षिण गोलार्धाला जवळजवळ काही झालं नाही. कार्बन डायऑक्साइड कमी केला तेव्हाच दक्षिणही थंड झाली. "संबंध नाही" म्हणणाऱ्याने दक्षिण गोलार्धातल्या न्यूझीलंडच्या हिमनद्या तेव्हा का वाढल्या ते सांगावं.

१९७० च्या दशकाबद्दल एकच आकडा देते. १९६५ ते १९७९ मधल्या शोधनिबंधांची मोजणी झाली आहे: थंडीचं भाकीत करणारे ७, तापमानवाढीचं करणारे ४४. हिमयुगाचे मथळे मासिकांचे होते.

आणि "आपल्याला काय". दादा, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र आहे, तिथलं पाणी साधारण ७५ मीटर खोल. समुद्र १२० मीटर खाली होता तेव्हा ती कोरडी जमीन होती. ओमानजवळच्या गाळात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाच्या प्लवकाची कवचं सापडतात. नैऋत्य वारा जोरात असला की तळाचं गार, सकस पाणी वर येतं आणि हा जीव भरभरून वाढतो. हिमयुगाच्या थरात ही कवचं कमी आहेत. बंगालचा उपसागर तेव्हा जास्त खारट होता, म्हणजे नद्यांचं गोडं पाणी कमी येत होतं. पाऊस मंदावला होता, आणि जगातली बहुतेक मॉडेलंही तेच सांगतात. पण किती मंदावला आणि देशाच्या कुठल्या भागात, यावर त्यांचं एकमत नाही. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेही स्वतःचं पृथ्वी-मॉडेल बांधलंय ते याच मोसमी पावसाचा पुढचा अंदाज नीट यावा म्हणून.

तुझी मुलगी सध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती कवचं वेगळी करते आहे, एका नमुन्यात तीनशेच्या वर. मॉडेलांचं जिथे जुळत नाही, तिथेच तिला तिची मोजणी लावून बघायची आहे. विषय बदलू नकोस, असं मी तिला सांगितलंय. तूही ते ग्रुपवरच लिही, जिथे मेसेज टाकलास तिथे.