आईवर लिहिताना विशेषणं कमी, प्रसंग जास्त

आई गेल्यावर तिच्यावर स्मृतिलेख लिहायचा तर ‘मनापासून लिहा’ एवढाच सल्ला मिळतो, पण गाडी अडते ती पुढेच. ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ ही विशेषणं कुठल्याही आईला चिकटवता येतात. त्याऐवजी तिचे हात दाखवा: ताप आलेल्याच्या कपाळावर ती तळवा ठेवायची की हाताची मागची बाजू? रागावल्यावर कोणता शब्द हमखास तोंडी यायचा? हे एकट्याला आठवत नाही. तिची भावंडं, मैत्रीण, शेजारीण अशा चार-पाच जणांना वेगवेगळं गाठून विचारा. एकत्र बसवलं की पहिला बोलतो तेच सगळे री ओढत सांगतात. आणि ‘कशी होती?’ विचारू नका, ‘तिने तुमच्यासाठी काय केलं?’ विचारा.

नेहमीची चूक म्हणजे शेवटचं आजारपणच अर्धा लेख खातं. त्याला दोन-तीन वाक्यं पुरेत. सभेत वाचायचं असेल तर पाच मिनिटांना साधारण ५०० शब्द धरा. गळा दाटतो, वेग मंदावतो.

जुने छोटे फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. तिचे व्हॉइस मेसेज मात्र आजच दुसरीकडे उतरवून ठेवा, फोन बदलताना ते सहज हरवू शकतात.