अर्धा हेक्टर मान्य, पण रस्त्याचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार.

जंगलातल्या पवनचक्क्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आलं की त्यातला एक मुद्दा बिनतोड आहे आणि चूक माझी आहे. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की जंगलात एका पवनचक्कीला कायमची जागा लागते जेमतेम अर्धा हेक्टर, आणि मी मात्र प्रकल्प जेवढ्या भागावर पसरलाय तेवढं सगळं जंगल ‘गेलं’ असं लिहून टाकलं. कोळशाच्या खाणीत याच्या कितीतरी पट जंगल जातं, त्यावर मी अवाक्षर काढत नाही. आणि शेवटी टोला: ‘तुम्हाला वीज हवी, पण ती तयार होताना दिसायला नको. मग लावायच्या कुठे ते तरी सांगा.’ तुम्ही स्वतः अशा दोन प्रकल्पांवर रस्त्यांच्या कामाची देखरेख केली आहे, हेही तुम्ही लिहिलंय. त्याकडे शेवटी येते.

आधी चूक कबूल करते. दोन पवनचक्क्यांमध्ये, पाती फिरतात त्या वर्तुळाच्या व्यासाच्या साधारण पाच ते सात पट अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पुढचीने ढवळलेला वारा मागचीच्या वाट्याला येतो. त्यामुळे नकाशावर प्रकल्प हातपाय पसरून बसलेला दिसतो. मधल्या जागेत झाडं उभीच असतात. मी ती सगळी जागा हिशोबात धरली, हे चुकलंच. जर्मनीत जंगलांमध्ये दोन हजारांहून जास्त पवनचक्क्या आहेत आणि तिथला सरासरी आकडा तुम्ही म्हणता तसाच आहे: कायमची मोकळी जागा अर्ध्या हेक्टरच्या आत-बाहेर, आणि बांधकामापुरती जवळपास तेवढीच आणखी, जिथे नंतर पुन्हा झाडं लावतात. मूळ लेखातलं ते वाक्य मी खोडलं आहे. पुसलेलं नाही, खोडलेलं दिसेल असं ठेवलंय.

कार्बनच्या हिशोबातही मी तुमच्याशी भांडणार नाही. ढोबळ आकडेमोड करून पाहिली. २ मेगावॅटची पवनचक्की वर्षभरात क्षमतेच्या ३० टक्के चालली तरी सुमारे ५२ लाख युनिट वीज देते. तेवढी वीज कोळशावर केली तर पाच हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अर्धा हेक्टर चांगलं दाट जंगल तोडलं तर त्यात साठलेला कार्बन काही शे टनांचा. म्हणजे एक-दोन महिन्यांत फिटंफाट. जमीन पीटची असेल, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींची, तर गोष्ट वेगळी. ती खणून निचरा केली की साठलेला कार्बन वर्षानुवर्षं सुटत राहतो. स्कॉटलंडमध्ये तर त्यासाठी प्रकल्पांना वेगळा कार्बन-हिशोब मांडावा लागतो. पण एरवी या मुद्द्यावर पवनचक्की जंगलाला हरवते, आणि चांगलीच हरवते. कोळशाच्या खाणीशी तुलना करायची तर तिथेही तुम्हीच बरोबर.

मग माझं भांडण कशाशी आहे? रस्त्याशी. आणि त्या रस्त्यावरून नंतर येणाऱ्या दुसऱ्या टप्प्याशी.

मी एकदा एका वळणावर उभी राहून पातं वर चढताना पाहिलंय. साठेक मीटर लांबीचं एक पातं, पुढे ट्रेलर ओढणारा ट्रक, आणि पार मागे चालणारा एक माणूस, हातातल्या रिमोटने मागची चाकं वळवत. ट्रक वळणावर आला तसं पात्याचं टोक रस्ता सोडून बाहेर गेलं आणि झाडांच्या जागेतून हळूहळू फिरत पुढे सरकलं. ‘झाडांच्या जागेतून’ अशासाठी की तिथली झाडं आधीच बुंध्यापासून कापलेली होती. खोडांमधून अजून चीक पाझरत होता. त्या ठिकाणी पाया नव्हता, मनोरा नव्हता, क्रेन उभी करायचा ओटाही नव्हता. पात्याच्या टोकाला पाच मिनिटं मोकळी हवा हवी होती, एवढंच. पातं तिरकं उभं धरून वळणं पार करणारे ट्रेलर असतात हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. तिथे ते आणले नव्हते.

तुमच्या अर्ध्या हेक्टरात ते वळण मोजलं जातं का? बहुतेक वेळा ते रस्त्याच्या खात्यात जातं, आणि रस्ता वेगळ्या तक्त्यात. बरं, रस्त्याची रुंदी पाच मीटर धरली तर एका किलोमीटरला पुन्हा तोच अर्धा हेक्टर. कागदावर किरकोळ. पण जंगलाला रस्ता पाच मीटरचा वाटत नाही. वरची झाडांची छत्री फाटते, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, काठाची माती वाळते, वारा आत शिरतो, उन्हाला चटावलेलं तण कडेकडेने आत सरकतं. हा परिणाम दोन्ही बाजूंना नुसता पन्नास-पन्नास मीटर आत गेला असं धरलं, तरी किलोमीटरमागे दहा हेक्टर झाले. रस्ता अरुंद ठेवून वर फांद्या पुन्हा जुळू दिल्या तर हे बरंच कमी होतं. पण मोठी क्रेन पुन्हा कधीतरी लागणारच, म्हणून फांद्या जुळू देत नाहीत.

यात एक योगायोग नसलेला योगायोग आहे. माणसाने शेती केली ती खोऱ्यात, सपाटीला. जंगल उरलं ते चढणीला आणि डोंगराच्या धारेवर, जिथे नांगर चालत नाही. आणि वाराही नेमका धारेवरच. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दहा टक्क्यांनी घटला तर ऊर्जा सत्तावीस टक्क्यांनी घटते. त्यात झाडांचे शेंडे वाऱ्याला अडवतात, घुसळतात, म्हणून जंगलात मनोरा आणखी उंच लागतो. त्यामुळे ‘जरा खाली सरका ना’ असं सांगणं माझ्यासारखीला सोपं असलं तरी प्रकल्पवाल्यांना ते परवडत नाही, हे मला समजतं. पण शेवटची शांत जागा आणि चांगला वारा एकाच रेषेवर असतील, तर त्या रेषेवर चढणारा रस्ता ही नुसती सोय राहत नाही. खरा निर्णय तिथेच होतो.

आणि एकदा रस्ता झाला की विस्ताराचं गणितच बदलतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात सीअर्सबर्गला १९९७ साली ११ पवनचक्क्या लागल्या, सगळ्या मिळून ६ मेगावॅटच्या. पातं सरळ वर असतानाही उंची साठ मीटरच्या आसपास, विमानांसाठी लाल दिवा लावावा लागू नये इतपतच. त्याच्याच शेजारी डिअरफील्ड नावाने पुढचा प्रकल्प आला, ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात. अमेरिकेच्या वनखात्याच्या जमिनीवरचा हा पहिलाच पवनऊर्जा प्रकल्प. मूळ प्रस्ताव १७ चा होता, तो १५ वर आला. २०१२ मध्ये वनखात्याने मंजुरी दिली, २०१७ च्या अखेरीस वीज सुरू झाली. पवनचक्क्या ११ च्या जागी १५, पण वीज पाचपट, ३० मेगावॅट, आणि उंची दुप्पट.

त्या १५ पैकी ७ जुन्या रांगेच्या बाजूला, तिथल्या हमरस्त्याच्या पूर्वेला आहेत. उरलेल्या ८ पश्चिमेच्या धारेवर. वाद पेटला तो या पश्चिमेच्या धारेवरून, कारण तिथे बीचची जुनी झाडं होती. (समुद्राशी संबंध नाही, झाडाचंच नाव आहे.) बीचची साल राखाडी आणि इतकी गुळगुळीत असते की तिच्यावरचा ओरखडा झाडाबरोबर मोठा होत जातो. शरद ऋतूत काळी अस्वलं या झाडांवर चढून फळं खातात, थंडीतल्या झोपेआधी अंगावर चरबी चढवायला. चढताना नखं रुततात. वर्षानुवर्षांनीसुद्धा सालीवर काळे, रुंदावलेले नखांचे माग एकावर एक दिसतात. अस्वल त्या झाडावर किती पिढ्या येतंय याची ती वहीच. तिथे अस्वलांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून अभ्यासही झाला. पण तुमच्या तक्त्यात अशा झाडाचा रकाना कुठला? ‘वृक्ष, १ नग’?

माझा मुद्दा एवढाच आहे. पहिला टप्पा मंजूर करताना म्हणतात, लहानसा आहे. दुसरा करताना म्हणतात, रस्ता आणि वीजवाहिनी आहेतच, नवीन असं थोडंच लागणार. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी खरी असतात. पण दोन्हींची बेरीज कुणाच्या टेबलावर येत नाही.

माझ्या बाजूचे लोकही आकडे फेकण्यात कमी नाहीत, हे सांगायला हवं. स्कॉटलंडमध्ये २००० सालानंतरच्या साधारण वीस वर्षांत पवनचक्क्यांसाठी वनखात्याच्या जमिनीवरची सुमारे १ कोटी ४० लाख झाडं तोडली, हा आकडा नेटवर सारखा फिरतो. मीही तो एकदा डोळे विस्फारून पुढे पाठवला होता. आकडा खरा आहे. पण त्यातली बहुतेक झाडं तोडण्यासाठीच लावलेल्या सूचिपर्णी लागवडीतली, आणि बदल्यात दुसरीकडे लागवड करण्याचं तिथे धोरण आहे. ग्लासगोजवळचा व्हाइटली प्रकल्प आधी १४० पवनचक्क्यांचा होता, पुढे ७५ वाढवून २१५ झाल्या, ५३९ मेगावॅट. तिथे जे लागवडीचं जंगल तुटलं, त्याला मी अस्वलाच्या बीचच्या पंक्तीला बसवणार नाही. तिथली खरी चिंता झाडांखालच्या पीटची. जर्मनीतही दुष्काळ आणि खोडकिड्यांनी वाळून गेलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या लागवडीत पवनचक्क्या लावतात, त्याला माझा विरोध नाही. झाडांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. झाड लावलेलं की आपसूक वाढलेलं, किती जुनं आणि त्यावर कोण जगतं, हे विचारायला हवं.

वटवाघळांबद्दल तुम्ही ‘भावनिक मुद्दा’ म्हणालात. उलट या सगळ्यात सर्वात कमी भावनिक आणि सर्वात सहज सुटणारा मुद्दा तोच आहे. वेस्ट व्हर्जिनियात जंगलाच्या धारेवरच्या ४४ पवनचक्क्यांनी २००३ साली दोन हजारांच्या आसपास वटवाघळं मारली असा अंदाज निघाला, तेव्हा सगळेच हादरले. वटवाघळाची मादी बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे ही तूट भरून निघत नाही. पण वटवाघळं उडतात ती मंद वाऱ्याच्या उबदार रात्री, जेव्हा वीजही जेमतेम निघते. पेनसिल्व्हेनियात करून पाहिलं: उन्हाळ्याच्या शेवटी रात्री पवनचक्की जरा जास्त वेगाच्या वाऱ्यावरच सुरू होऊ दिली. मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेत घट आली एक टक्क्याहून कमी. एवढं स्वस्त औषध असताना ते परवानगीच्या अटीत लिहून घ्यायला काय हरकत आहे?

जाता जाता, तुमच्या खालीच एकांनी ‘पवनचक्क्या ढग पळवून लावतात’ असं लिहून मला पाठिंबा दिलाय. त्यांचे आभार, पण हा पाठिंबा मला नको. पाती फिरतात जमिनीपासून शे-दीडशे मीटरवर, पावसाचे ढग येतात दूरच्या समुद्रावरून, शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्याने. रात्री पात्यांमुळे हवा ढवळून जवळपासचं तापमान किंचित वाढतं, एवढं मोजलं गेलंय. त्यापलीकडे यात दम नाही.

आता ‘लावायच्या कुठे?’ जिथे रस्ता आधीच आहे तिथे. जुन्या, छोट्या पवनचक्क्या काढून त्याच जागी कमी आणि मोठ्या. लागवडीच्या जंगलात. वीजवाहिनी रस्त्याखालून पुरून, म्हणजे तारांसाठी वेगळा पट्टा कापायला नको. आणि पहिल्या टप्प्याच्या अर्जातच शेवटच्या टप्प्याचा नकाशा मागून घ्यायचा. पुढे वाढवायचं नसेल तर तसं लिहून द्यावं, वाढवायचं असेल तर सगळ्याचा एकत्र हिशोब आजच व्हावा. डिअरफील्डबद्दल मला कुणी विचारलं असतं तर मी पूर्वेच्या सातांना हो म्हटलं असतं आणि पश्चिमेच्या आठांना नाही. त्याने वीज निम्म्याहून कमी झाली असती, हे धरूनच सांगते आहे.

आणि आता तुमच्या कामाचं. दोन प्रकल्पांवर रस्ते तुमच्या देखरेखीखाली झाले म्हणता. वळणांसाठी तोडलेली झाडं तुमच्या कागदांत पवनचक्कीच्या जागेत धरली होती, रस्त्यात, की कुठेच नाही? आणि रस्त्याची आखणी करताना पुढच्या टप्प्याच्या क्रेनचं वजन आधीच गृहीत धरायला सांगितलं होतं का? नावं नकोत, जागा नको. एवढं सांगितलंत तर तुमच्या परवानगीने वेगळ्या लेखात छापेन. माझ्या हिशोबात तुम्हाला आणखी एखादी चूक सापडली तर तीही कळवा.