'जीव स्वस्तात मिळत नाही' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार,

पंचवीस हजारांच्या आत डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगणारं मनगटावरचं यंत्र) कोणता घ्यावा, या माझ्या लेखावर काल रात्री तुम्ही जे लिहिलंत ते मी तीन वेळा वाचलं. नाव दिलेलं नाहीत, म्हणून नुसतं नमस्कार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी उतरवते. मी सुचवलेल्या क्रेसी लिओनार्दोचा हिशोब फार कडक आहे, दिवसातल्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला तो बरोबरच्यांच्या आधी वर यायला लावतो. एकाच बटणावर सगळं चालवणं वैतागाचं आहे. दोन वर्षांत तो विकून महागडा शिअरवॉटर पेरेग्रिन घ्यावाच लागतो, तर आधीच तो घ्यावा, नाहीतर कुणाचा तरी वापरलेला बघावा. सेलचा नंबर मी चुकीचा दिला आहे. आणि शेवटी हे: "ज्यांना परवडत नाही त्यांनी डायव्हिंगच्या वाटेला जाऊ नये. जीव स्वस्तात मिळत नाही. बासष्ट डाइव्हच्या जोरावर लोकांना सल्ले देऊ नका."

सेलचं तुमचं बरोबर आहे. लिओनार्दोला सीआर २४३० लागतो, मी सीआर २०३२ लिहिलं होतं. चूक माझी, आणि ती दाखवलीत याबद्दल आभार. चूक झाली की मी कबूल करते, हे इथले जुने वाचक जाणतात.

आता परवडण्याचं.

मी मालवणची. माझे वडील दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढायचे. माझा काका कुणाचा नांगर खडपात अडकला की श्वास कोंडून खाली जायचा आणि सोडवून आणायचा. त्याच्या मनगटावर साधं घड्याळही नसायचं. डायव्हिंगच्या वाटेला कुणी जावं आणि कुणी जाऊ नये हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? ज्या पाण्यात आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या उतरली, त्या पाण्यात उतरण्यासाठी आता खिसा दाखवावा लागणार का? आज तारकर्लीला आणि किल्ल्याजवळ पर्यटकांचा हात धरून त्यांना खाली नेणारी कितीतरी मुलं माझ्याच आळीतली आहेत. त्यांतल्या एकाला मी विचारलं, तुझा स्वतःचा कॉम्प्युटर आहे का? तो म्हणाला, "सेंटरचो आसा, पाळी इली की मिळता." या मुलाला तुम्ही काय सांगणार? परवडत नाही ना, मग घरी बस?

पुण्यात हिशोबनिसाची नोकरी करता करता दोन वर्षं पैसे साठवले, तेव्हा २०१८ साली अंदमानात हॅवलॉकला माझा ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झाला. स्वराज द्वीप हे नाव त्याच वर्षाच्या शेवटी आलं, माझ्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा गेले. कॉम्प्युटर भाड्याचा. सकाळी दोन डाइव्ह झाल्या, दुपारी तिसरीसाठी बोटीवर चढले तेव्हा माझ्या हाती दुसराच कॉम्प्युटर देण्यात आला, सकाळचा दुसऱ्या गटाबरोबर गेला होता. मी नवखी, काही विचारलं नाही. खाली स्क्रीनवर भरपूर मिनिटं शिल्लक दिसत होती आणि मी खुशीत होते. संध्याकाळी वही भरायला बसले तेव्हा लक्षात आलं, त्या यंत्राच्या लेखी ती त्या दिवसाची पहिलीच डाइव्ह होती. पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, तो जास्त झाला आणि माणूस घाईने वर आला की सांधे दुखण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. सकाळच्या दोन डाइव्हचा जो नायट्रोजन माझ्या अंगात होता तो त्या यंत्राच्या हिशोबात नव्हताच. त्या रात्री मी जागी होते. कोपरात जरा कुठे कळ आली की उठून बसत होते. काही झालं नाही, कारण खोली बेताची होती आणि आमचा गाइड सावध होता. पण ज्या आकड्यावर मी विसंबले तो माझा नव्हता, हे मी विसरलेले नाही.

त्याच मे महिन्यात लिओनार्दो घेतला. वडिलांना दाखवला तर त्यांनी एवढंच विचारलं, "केवढ्याक घेतलंस?" आकडा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती महागच वस्तू होती. तुम्ही तिला स्वस्त म्हणता. स्वस्त हा शब्द कुणाच्या तोंडी आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि तुमच्या तोंडी तो मला हिणकस वाटला. पुन्हा एकदा वाचून बघा, तुम्हालाही वाटेल.

जिवाचं म्हणाल तर कुठलाच कॉम्प्युटर तुमच्या अंगातला नायट्रोजन मोजत नाही. तो पाण्याचा दाब आणि वेळ मोजतो आणि त्यावरून हिशोब मांडतो. लिओनार्दो शरीराचे नऊ काल्पनिक भाग, म्हणजे उती धरतो, पेरेग्रिन झुरिकच्या ब्यूलमान यांच्या सोळा. मोजणी दोघांची तीच. वर येताना वेग वाढला की दोघेही सांगतात, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला दोघेही लावतात. जीव वाचतो तो हे ऐकल्याने. महागड्या कॉम्प्युटरचा इशारा ऐकूनही सरळ वर निघालेला माणूस मी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला पाहिला आहे.

आणि नवख्याचा खरा हिशोब बघा. आपल्याकडचा नेहमीचा सिलिंडर अकरा लिटरचा, भरताना २०० बार दाब. ५० बार राखून ठेवले तर वापरायला १५० गुणिले अकरा, म्हणजे १,६५० लिटर हवा उरते. नवखा माणूस वर मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असं धरा. अठरा मीटरवर दाब २.८ पट, म्हणजे मिनिटाला ५६ लिटर. एकोणतीस मिनिटांत हवा संपली. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी संस्थेच्या तक्त्यात नायट्रोजनच्या हिशोबाने अठरा मीटरवर पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटं मिळतात. म्हणजे त्यातला जेमतेम निम्मा वेळ होतो न होतो तोच हा माणूस हवा संपत आली म्हणून वर येणार आहे. सोळा उती असोत की नऊ, पहिली दोन वर्षं त्याला वर आणणार आहे तो हवेचा काटा. हे गणित मी मूळ लेखात मांडलं होतं. त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. लेख शेवटपर्यंत वाचलात का, असं विचारावंसं वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला लिओनार्दो कडक होतो, हे मी नाकारत नाही. पण बडी, म्हणजे एकमेकांचे जोडीदार म्हणून दोघं उतरतात तेव्हा ज्याचा कॉम्प्युटर आधी वर जायला सांगतो त्याचं दोघांनी ऐकायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज पडू नये. चार मिनिटं आधी वर आल्याने कुणाचं काही बिघडत नाही. बटणाचं म्हणाल तर सवय होते. वापरलेल्या यंत्राबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, इथे तो विषय नव्हता.

पेरेग्रिन वाईट आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्याचा रंगीत पडदा गढूळ पाण्यात किती छान दिसतो ते मी बडीच्या हातावर पाहिलं आहे. पण एका पेरेग्रिनच्या पैशात दोन लिओनार्दो येतात, आणि त्याची बॅटरी आतच बसवलेली असते, रोज चार्जवर लक्ष ठेवावं लागतं. ज्या खोलीत रात्री वीज जाते तिथे मला पाकिटातला एक जादा सेल जास्त भरवशाचा वाटतो. उरलेल्या पैशांत मी स्वतःचा मास्क आणि वर बोटवाल्याला दिसेल असा नारिंगी फुगा दोरीसकट घेतला, आणि तरी चार डाइव्हचे पैसे उरले. नवख्याला त्या चार डाइव्ह जास्त शिकवतात, हे मी आजही म्हणेन.

बासष्ट डाइव्हबद्दल. आकडा लहान आहे, आणि तो मी स्वतःच लेखाच्या पहिल्या ओळीत दिला होता, म्हणून तर तुम्हाला कळला. तुमचा आकडा मात्र तुम्ही सांगितला नाहीत. हजार डाइव्ह झालेल्या माणसाला पहिला कॉम्प्युटर घेतानाची घालमेल आठवत असेलच असं नाही. मला ती आठवते. माझ्या लेखावर "ताई, मी लगेच ऑर्डर केला" असं लिहिणारी रत्नागिरीची मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या हिशोबावर पाण्यात उतरणार आहे. तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांनी तिच्यासारख्या किती जणींचा विचार बदलला असेल, याचा मला राग आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. पुन्हा लिहायचं असेल तर हवेच्या गणितावर लिहा, नीट उत्तर देईन. परवडण्याबद्दल लिहिलंत तर देणार नाही.

मूळ लेखातला सेलचा नंबर आज सकाळी दुरुस्त केला आहे.