पहिल्या प्रयोगाला अनुदान कशाला?

नोव्हेंबरात रंगभूमी दिन जवळ आला की संगीत नाटकाची चर्चा सुरू होते आणि ठरलेल्या तीन तक्रारींभोवती फिरत राहते: प्रेक्षक उरला नाही, गाणारे नट मिळत नाहीत, सरकारचं अनुदान पुरत नाही. मग कुणीतरी युरोपचा दाखला देतं. तिकडे बघा, आजही नवे ऑपेरा लिहिले जातात आणि रंगमंचावर येतात, कारण तिथल्या लोकांना कलेची कदर आहे. नेदरलँड्समध्ये राहून हे वाचताना वाटतं की दाखला खरा आहे, पण त्याला जोडलेलं कारण साफ चुकीचं आहे.

खरं काय ते आधी. ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय ऑपेराने १९९९ साली संगीतकार लुई आंद्रिसेनचा 'रायटिंग टू व्हरमीर' पहिल्यांदा रंगमंचावर आणला, २०२३ साली अलेक्झांडर रस्कातोव्हचा 'ॲनिमल फार्म'. दिल्लीत जन्मलेल्या परम वीर यांचा, टागोरांच्या कवितेवर बेतलेला 'स्नॅच्ड बाय द गॉड्स' १९९२ मध्ये पहिल्यांदा झाला तोही याच शहरात. आणि आपल्याकडच्या लोकांना हमखास चकित करणारी गोष्ट म्हणजे गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचा, पूर्णपणे संस्कृतात, गीतेच्या श्लोकांत गायला जाणारा फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' ५ सप्टेंबर १९८० रोजी रॉटरडॅममध्ये उभा राहिला. काम सोपवलं होतं खुद्द रॉटरडॅम शहराने.

पण म्हणून इथला प्रेक्षक नावीन्यासाठी आसुसलेला असतो असं कुणी समजू नये. तोही ओळखीचंच ऐकायला येतो. व्हेर्दी, पुच्चीनी, मोझार्ट या जुन्या संगीतकारांच्या जिवावर हंगाम चालतो आणि त्यात एखाद-दुसऱ्या नव्या ऑपेराला जागा करून दिली जाते. सरकारही नेहमी उदार नसतं. २०१३ पासून इथल्या सरकारने सांस्कृतिक खर्चात सुमारे २० कोटी युरोची कपात केली आणि कितीतरी संस्थांचं कंबरडं मोडलं. तरी नवं येत राहिलं, कारण इथे पहिला प्रयोग हा कामाचा शेवट नसतो, तो मधला टप्पा असतो. पैसा त्याच्या आधी खर्च होतो आणि नंतरचीही सोय आधीच लावलेली असते. आपल्याकडे सगळा भर नेमका त्या एका संध्याकाळवर.

आधी म्हणजे किती आधी? मोठ्या थिएटरसाठी चार-पाच वर्षं. गायकांच्या तारखाच तितक्या अगोदर घ्याव्या लागतात. पहिली तयार होते ती संहिता, म्हणजे लिब्रेटो. बोलायचं वाक्य गायला घेतलं की दुप्पट-तिप्पट वेळ खातं, त्यामुळे दीड तासाच्या ऑपेराचा मजकूर जेमतेम एकांकिकेएवढा असतो. मुरलेले नाटककार इथेच घसरतात. चांगले संवाद लिहायची सवय असल्यामुळे पात्राच्या मनातलं सगळं ते शब्दांत मांडून टाकतात आणि संगीताला सांगायला काही ठेवत नाहीत. म्हणून एकही स्वर लिहिण्याआधी संहितेचं जाहीर नव्हे, पण जाणत्या पाच-दहा माणसांपुढे वाचन होतं. काटछाट त्याच वेळी होते, कारण तेव्हा ती फुकट असते.

मग संगीतकार फक्त गायन आणि पियानो एवढीच प्रत तयार करतो. वाद्यवृंदासाठीचं लेखन पुढचं. या प्रतीवर एक-दोन आठवड्यांची कार्यशाळा होते. गायक, तालमीचा पियानोवादक, संगीत संचालक (हाताच्या इशाऱ्यांनी गायक-वादकांना चालवणारा) आणि दिग्दर्शक एवढीच माणसं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, पण मानधन सगळ्यांना. या कार्यशाळेत जे कळतं ते घरी पियानोपाशी बसून कधीच कळत नाही. सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, तार सप्तकात वर चढली की इकार, उकार सगळे आकाराकडे झुकतात आणि शब्द हरवतो. म्हणून कथेला कलाटणी देणारं वाक्य मधल्या सप्तकात आणावं लागतं. वर ठेवायचं ते आधी कळून चुकलेलं काहीतरी. संगीतकाराने दृश्यबदलाला पंधरा सेकंद दिलेले असतात आणि रंगमंचावर लागतात चाळीस, तेही इथेच उघडं पडतं. एखाद्या भूमिकेला सलग वीस मिनिटं विसावाच नाही, हे तर गायकाने उभं राहून गायल्याशिवाय कुणाच्या लक्षातच येत नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. जर्मन पद्धतीच्या थिएटरांत काही महिने आधी लाकूड-पुठ्ठ्याचं कच्चं नेपथ्य खऱ्या रंगमंचावर उभारून बघतात. मागे उभ्या गायकाला संचालकाचा हात दिसतो का, नाही तर पडदे कुठे लावायचे, हे तेव्हा ठरतं. गायकांच्या हातात प्रत किमान सहा महिने आधी पडायला हवी. ती उशिरा आली की प्रयोगाच्या रात्री माणूस अभिनय करत नाही, मात्रा मोजतो. गायक आणि वाद्यवृंद पहिल्यांदा एकत्र येतात ती बैठी तालीम, 'सिट्झप्रोब'. गायक खुर्च्यांवर बसून नुसतं गातात. वादकांच्या प्रतींत राहिलेल्या चुका आणि गायकाच्याच पट्टीत घुसून त्याला झाकून टाकणारी वाद्यं या दिवशी बाहेर येतात. साठ-सत्तर वादक बसलेल्या तीन तासांच्या तालमीत वीस चुका शोधत बसणं परवडत नाही. म्हणून प्रती तपासणारा माणूस आधी नेमलेला असतो, आणि नव्या ऑपेराच्या श्रेयनामावलीत ज्याचं नाव कुणी वाचत नाही तो बहुधा तोच.

इतकं करूनही ऑपेरा पडतात. न केल्यामुळे पडलेले मात्र जास्त बोलके आहेत. पुच्चीनीचा 'मादामा बटरफ्लाय' १७ फेब्रुवारी १९०४ ला मिलानमध्ये सपाटून आपटला. लांबलचक दुसरा अंक तोडून, दुरुस्त्या करून तो त्याच वर्षी २८ मे रोजी ब्रेशात पुन्हा आला आणि तिथून आजवर थांबलेला नाही. म्हणजे खरी कार्यशाळा मिलानच्या प्रेक्षकांसमोर झाली. संगीतकार सॅम्युअल बार्बरचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला त्याचा 'अँटनी अँड क्लिओपात्रा' ठेवला गेला. अवाढव्य नेपथ्य, तालमीत बंद पडलेला फिरता रंगमंच, आणि त्या सगळ्याखाली दबलेलं संगीत. सुधारून बांधलेली आवृत्ती यायला १९७५ साल उजाडलं, आणि तोवर बोभाटा होऊन गेला होता.

अपुरं काम लोकांना दाखवायचं हे आपल्या पचनी पडत नाही असं म्हणतात. मग अण्णासाहेब किर्लोस्करांचं काय? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' झालं ते पहिले चारच अंक. १८८२ साली 'सौभद्र' आलं ते तीन अंकांचं, उरलेलं नंतर. ज्या दोन नाटकांवर आपली सगळी परंपरा उभी आहे ती अर्धवट अवस्थेत प्रेक्षकांसमोर गेली, प्रतिसाद बघून पुढे वाढली. ही पद्धत आपणच सोडली आणि आता तिचं कौतुक परदेशात येऊन करतो.

छोट्यापासून मोठ्याकडे जाण्याचंही तेच. जॉर्ज बेंजामिनचा 'रिटन ऑन स्किन' २०१२ साली फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सला (थोडक्यात एक्स) तिथल्या महोत्सवात आला आणि गेल्या काही दशकांतला सर्वात यशस्वी नवा ऑपेरा म्हणून त्याचं नाव झालं. पण त्याआधी सहा वर्षं याच संगीतकाराने याच लेखकाबरोबर, मार्टिन क्रिम्पबरोबर, 'इन्टू द लिटल हिल' केला होता: चाळीस मिनिटं, दोन गायिका, पंधरा वादक. जोडी जमते का, हे त्यात कळलं. वॉशिंग्टनच्या ऑपेरा कंपनीने २०१२ पासून वीस-वीस मिनिटांचे नवे ऑपेरा सादर करायचा उपक्रमच सुरू केला. ॲमस्टरडॅममध्ये २०१६ पासून नव्या कामाचा वेगळा महोत्सव होतो आणि त्यात कलाशाळांचे विद्यार्थी छोटे ऑपेरा रचतात. आपल्याकडे अलीकडच्या काळात चाललेलं नवं संगीत नाटक म्हणजे २०१७ चं 'देवबाभळी'. दोन अभिनेत्री, आणि मूळ एक एकांकिका. यातून घ्यायचा तो धडा कुणी घेतला नाही. सगळ्यांनी फक्त विठ्ठल हा विषय चालतो एवढंच टिपून ठेवलं.

'गाणारे नट नाहीत' या तक्रारीतही एक लपलेली अडचण आहे, आणि ती कार्यशाळेशिवाय सुटणार नाही. पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर गाणारा आपला षड्ज (सा) धरतो त्याची. पुरुषाची काळी एक (पहिली काळी पट्टी) असेल तर बाईची काळी तीन नाही तर चार, म्हणजे त्याच्या मध्यमावर किंवा पंचमावर तिचा षड्ज. बालगंधर्वांच्या जमान्यात स्त्रीपात्रंही पुरुषच गात, त्यामुळे हा प्रश्न दबून राहिला. आज द्वंद्वगीत लिहायचं तर दोघांच्या षड्जांतलं अंतर चालीतच धरून बांधायला हवं, आणि ते कोणत्या दोन गळ्यांसाठी हे आधी माहीत हवं. प्रत्यक्षात चाली आधी होतात, नट नंतर ठरतात, मग कुणीतरी एक खर्जात पुटपुटतो किंवा किंचाळतो, आणि परीक्षक लिहितात: गायनाची बाजू कच्ची.

आता दुसरा प्रयोग. इथे 'दुसरा प्रयोग' म्हणजे दुसऱ्या दिवशीचा नव्हे, दुसऱ्या शहरातला. 'रिटन ऑन स्किन'च्या निर्मितीत एक्सबरोबर ॲमस्टरडॅम, तूलूझ, लंडन आणि फ्लॉरेन्स सुरुवातीपासून भागीदार होते. संगीतकार काया सारिआहो यांचा 'इनोसन्स' २०२० मध्ये करोनामुळे हुकला आणि जुलै २०२१ मध्ये एक्सला झाला, पण हेलसिंकी, लंडन, ॲमस्टरडॅम आणि सॅन फ्रान्सिस्को तेव्हाच ठरलेले होते. सारिआहो जून २०२३ मध्ये गेल्या, तरी ॲमस्टरडॅमचे प्रयोग त्याच वर्षी ऑक्टोबरात ठरल्याप्रमाणे झाले. नेपथ्य एकदाच बांधायचं, खर्च वाटून घ्यायचा. अर्थात ट्रकमध्ये मावेल आणि सर्वांत लहान रंगमंचावर बसेल असंच ते आखावं लागतं, ही त्याची किंमत.

हेवा करण्यासारखं सगळंच नाही. नव्या ऑपेराला एका शहरात सहा-आठ प्रयोग मिळाले तर नशीब. पुण्या-मुंबईहून निघून नाशिक, सांगली, गोवा करत शंभर प्रयोगांत घासून-पुसून लखलखीत होणारं नाटक ही चीज इथल्या संगीतकाराने पाहिलेलीच नाही. तिसाव्या प्रयोगाला पदाची लय बदलावी असं वाटलं तर बदलता येते. इथे स्वरन् स्वर छापलेला. शिवाय आपल्या नाट्यपदात शब्द आधी एकदा स्वच्छ कानावर पडतात, विस्तार मागाहून, म्हणून डोक्यावर भाषांतराची पाटी लावावी लागत नाही. हे सोडून ऑपेराची नक्कल करायला जाणं म्हणजे शुद्ध खुळेपणा.

मात्र एक गोष्ट इथून जशीच्या तशी उचलावी: पदांची लिखित प्रत. संगीत नाटकाच्या चाली गळ्यातून गळ्यात जातात, आणि नव्या नाटकाला तेवढे गळेच मिळत नाहीत. मूळ संच पांगला की नाटक संपलं. भातखंडे लिपीत (स्वर-ताल लिहून ठेवण्याच्या पद्धतीत) पदं, तालाचा आणि पट्टीचा उल्लेख, ऑर्गनवादकासाठी संवादातून पदात शिरण्याच्या जागा, आणि प्रत्येक पदाचं नुसत्या तानपुरा-तबल्यावरचं ध्वनिमुद्रण. एवढं बाड असलं तर लातूरची मंडळी पुण्याच्या मंडळींना न भेटता ते नाटक बसवू शकतात.

म्हणून मागणी करायचीच तर अनुदान वाढवून मागू नये, त्याची जागा बदलून मागावी. आज पैसे मिळतात ते उभ्या राहिलेल्या नाटकाला, प्रयोगांच्या हिशोबाने. त्याऐवजी राज्य संगीत नाट्य स्पर्धेत वीस मिनिटांच्या नव्या संगीतिकांचा एक विभाग उघडावा: नवी संहिता, नव्या चाली, जास्तीत जास्त तीन गायक आणि चार वादक, नेपथ्याला गुण नाहीत. निवडलेल्या तीन-चार संघांना ढालीऐवजी दोन आठवड्यांच्या कार्यशाळेचा खर्च, त्यात नटांचं आणि वादकांचं मानधन धरून. त्यानंतर पूर्ण नाटकाला मदत, पण हप्त्यांनी. पहिला हप्ता लिखित प्रत सादर केल्यावर, आणि शेवटचा, सर्वांत मोठा, त्या नाटकाचा प्रयोग वेगळ्या जिल्ह्यातल्या वेगळ्या संस्थेने वेगळ्या संचात केल्यावर. पहिल्या प्रयोगाच्या रात्रीसाठी वेगळी रक्कम ठेवूच नये. हारतुरे, नारळ आणि पाहुण्यांची भाषणं यांना पैसे कुठून ना कुठून मिळतातच.