‘सहा हजार फूट कोसळलेले विमान’: एका संदेशाचा प्रतिवाद

घरोघरच्या फोनवर विमानप्रवासाविषयीचा एक संदेश फिरत आहे. आकाशात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांत सापडलेले विमान दगडासारखे खाली पडते, सिंगापूरचे एक विमान असेच सहा हजार फूट कोसळले, अशा धक्क्यांत पंख निखळू शकतात, वैमानिकाला आधी काहीच दिसत नाही आणि म्हणून सीट बेल्ट लावून काही उपयोग नाही, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून माझ्या मावशीने लेकीच्या बाळंतपणासाठी काढलेले लंडनचे तिकीट रद्द करायची भाषा सुरू केली, म्हणून त्यातील विधाने तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

सिंगापूरची घटना खरी आहे. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग 777 म्यानमारवर सुमारे 37,000 फुटांवर असताना तीव्र टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या खळबळीत, सापडले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. मात्र उड्डाणाच्या नोंदींवरून तयार झालेल्या प्राथमिक तपास अहवालानुसार त्या धक्क्यांत विमान 4.6 सेकंदांत 178 फूट, म्हणजे सुमारे 54 मीटर खाली आले. सहा हजार फुटांचा आकडा आला तो नंतरच्या उतरण्यातून. घटनेनंतर सुमारे वीस मिनिटांनी, जखमींना घेऊन बँकॉककडे वळल्यावर, वैमानिकांनी विमान 31,000 फुटांवर आणले आणि तेही पूर्ण नियंत्रणात. ही दोन उतरणी एकत्र करून ‘कोसळले’ असे लिहिणे म्हणजे घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवणे आहे.

मग एवढी माणसे जखमी कशाने झाली? याच अहवालात त्याचे उत्तर आहे. अवघ्या 0.6 सेकंदात विमानाचा उभ्या दिशेतील वेग असा बदलला की ते प्रवाशांच्या अंगाखालून खाली ओढले गेले. ज्यांचे बेल्ट लावलेले नव्हते ती माणसे आसनांवरून उचलली गेली आणि पुढच्या काही सेकंदांत खाली आपटली. संदेशातील सर्वांत घातक वाक्य म्हणूनच बेल्टविषयीचे आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या नोंदींनुसार 2009 ते 2022 या काळात टर्ब्युलन्समुळे 163 जण गंभीर जखमी झाले, त्यांपैकी 129 कर्मचारी होते. त्यांचे काम उभ्याने चालते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रमाणाचा अर्थ कळतो.

हवेत पोकळी नसतेच. वर चढणारे आणि खाली येणारे प्रवाह असतात. मे महिन्याच्या दुपारी पुण्यात किंवा नागपुरात उतरताना बसणारे हादरे बहुतेकदा तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचे असतात.

खिडकीतून पंखाचे टोक वरखाली हलताना दिसले की काळजात धस्स होते, हे मी अनुभवले आहे. पण पंख लवावा अशीच त्याची रचना असते. विमानाच्या सेवाकाळात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार त्याला सोसावा लागतो. 1995 मध्ये बोइंगने 777 चे पंख मुद्दाम तुटेपर्यंत वाकवले, तेव्हा टोके सुमारे 24 फूट वर गेली आणि पंख 154 टक्के भारावर तुटले. मात्र टर्ब्युलन्सने विमान कधीच मोडले नाही, असे मी लिहिणार नाही. 5 मार्च 1966 रोजी जपानमध्ये फुजी पर्वताजवळ बोइंग 707 हवेतच मोडून 124 जणांचा मृत्यू झाला. ते विमान पर्वतामागच्या प्रचंड खळबळीत सापडले होते. मावशीच्या मनात असलेली 12 जून 2025 ची अहमदाबादची दुर्घटना मात्र टर्ब्युलन्सची नव्हती. लंडनला निघालेले ते विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले.

वैमानिकाला दिसत नाही, हे अर्धसत्य आहे. रडारला ढगातील पाण्याचे थेंब दिसतात, त्यामुळे वादळी ढग सहसा टाळता येतात. निरभ्र हवेतील टर्ब्युलन्स त्यावर दिसत नाही आणि तिथे हवामानाचा अंदाज व पुढे गेलेल्या विमानांच्या सूचना यांवरच भिस्त असते. शिवाय रेडिंग विद्यापीठाच्या 2023 मधील अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरील एखाद्या सरासरी ठिकाणी अशा तीव्र टर्ब्युलन्सचा वार्षिक काळ 1979 मधील 17.7 तासांवरून 2020 मध्ये 27.4 तासांवर गेला. तेव्हा काळजी निराधार नाही. परंतु जे आधी दिसत नाही त्याच्यासाठीच तर बेल्टचा दिवा विझल्यावरही बेल्ट लावून बसायचे असते.

तिकीट रद्द झालेले नाही. बेल्ट कमरेशी घट्ट आणि शालीच्या वरून लावायला मी मावशीला सांगितले आहे, म्हणजे रात्री धक्क्यांची सूचना आली तर कर्मचाऱ्यांना तो दिसेल आणि तिची झोप मोडावी लागणार नाही.