बारसं घाईने करू नका

शेजारच्या ग्रहावर यान पाठवायचं तुमच्या मनात आहे म्हणे. छान. रॉकेट, इंधन, पैसा वगैरे किरकोळ बाबी नंतर बघू. आधी बारशाचं ठरवा. म्हणजे, एवढ्यात करायचं नाही, हे ठरवा.

आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी. सोव्हिएत मंडळी त्याहून धोरणी. यान पृथ्वीची कक्षा सोडून शुक्राच्या वाटेला लागलं, तरच ते 'व्हेनेरा', म्हणजे रशियनमध्ये शुक्र. कक्षेतच अडकून बसलं तर तो 'कॉसमॉस' मालिकेतला आणखी एक उपग्रह. शुक्राचा विषयच नको. ही सोय होण्याआधीची गोष्ट बघा. 4 फेब्रुवारी 1961 ला शुक्राकडे निघालेलं यान कक्षेतून सुटलंच नाही, तर 'जड स्पुटनिक' सोडला म्हणून हे मोकळे. साडेसहा टनांच्या आसपास वजन, म्हणजे खोटंही म्हणता येईना. आठ दिवसांनी व्हेनेरा 1 खरोखरच मार्गी लागलं आणि आठवडाभरात मुकं झालं. मे महिन्यात ते शुक्राच्या दारावरून गेलं, पण पाहुणचार कसा झाला हे कळवणार कोण?

अमेरिकनांना हा पोच नव्हता. त्यांनी नाव आधी ठेवलं. 22 जुलै 1962 ला मरिनर 1 उडालं, भरकटलं, आणि 293 सेकंदांनी त्यांचं त्यांनीच ते आकाशात उडवून दिलं. एक तर रेडिओ मार्गदर्शनात बिघाड, त्यात समीकरण प्रोग्राममध्ये उतरवताना एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ राहून गेलेली. शिरोरेघ न दिल्याबद्दल लहानपणी बाईंचा मार खाल्लेला एखादा मराठी कारकून तिथे तपासायला असता, तर यान वाचलं असतं. असो. त्याचं जुळं भावंड मरिनर 2 त्याच वर्षी 14 डिसेंबरला शुक्राजवळून सुखरूप गेलं आणि सांगून मोकळं झालं: बाबांनो, खाली भट्टी आहे.

असले निरोप मनावर घेऊ नका. सोव्हिएतांनी कुठे घेतले? 1967 साली व्हेनेरा 4 ची कुपी तरंगेल अशी बनवली होती, न जाणो शुक्रावर समुद्र असला तर! तिचं एक कुलूप चक्क साखरेचं. पाण्यात पडली की साखर विरघळणार, कुलूप सुटणार, अँटेना बाहेर येणार. शेजाऱ्याकडे लोक वाटीभर साखर मागायला जातात. हे घरची घेऊन गेले. 18 ऑक्टोबरला कुपी ढगांतून उतरत गेली, तापमान अडीचशे अंशांच्या वर चढलं, आणि जमीन अजून पंचवीसेक किलोमीटर खाली असताना आवाज बंद. मॉस्कोने जाहीर केलं, पोचलो! दुसऱ्याच दिवशी मरिनर 5 शुक्राजवळून गेलं आणि त्याच्या मापांनी ही जमीन पायाखालून काढून घेतली.

मंगळाकडे जात असाल तर सोबत रंगीत खडू ठेवा. जुलै 1965 मध्ये मरिनर 4 ने मंगळाचे फोटो काढले आणि सेकंदाला आठेक बिट या वेगाने पाठवायला घेतले. एका फोटोला आठ तास! अमेरिकेत पासाडेनाला हे आकडे घेत बसलेल्या इंजिनिअरांना एवढा धीर कुठला? त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी टाचल्या, आणि या आकड्याला तपकिरी, त्याला पिवळा असं करत खडूंनी रंगवत बसले. मंगळाचं जवळून काढलेलं पहिलं चित्र असं बालवाडीच्या पद्धतीने तयार झालं. पुढच्या फोटोंत खड्डे दिसले. मंगळावर कालवे काढतात असं ज्यांच्याबद्दल लोक मानत होते, ते मंगळवासी मात्र कामावर गैरहजर.

आता झाकणाचं. कॅमेऱ्यांवरची झाकणं अगदी घट्ट बसवा. व्हेनेरा 9 आणि 10 दोन-दोन कॅमेरे घेऊन 1975 साली शुक्रावर उतरली. दोघींचं एकेक झाकण उघडलंच नाही. 1978 साली 11 आणि 12 उतरल्या, तर एकही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. मार्च 1982 मध्ये व्हेनेरा 14 ची झाकणं मात्र शहाण्यासारखी उघडून खाली पडली. मग जमीन किती दबते हे मोजायला यानाचा हात खाली आला, आणि नेमका एका झाकणावरच टेकला. कोट्यवधी किलोमीटर प्रवास करून रशियन झाकण किती दबतं, ते मोजलं.

आणि बारशाचं एवढं का सांगतोय? 31 मार्च 1972 ला शुक्रासाठी निघालेलं एक यान कक्षेतच अडकलं. नेमाप्रमाणे त्याचं कॉसमॉस 482 झालं. शुक्राची भट्टी सोसायला बनवलेली त्याची कुपी 53 वर्षं पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत राहिली. 10 मे 2025 ला ती एकदाची ग्रहावर उतरली. हिंदी महासागरात. पाणीही मिळालं.